मागेल त्याला काम. पण पोच कोण देणार?

(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एकदा प्रश्न विचारला, "बेकार कोणाला म्हणावे?" मागच्या बाकावरून कोणीतरी चटकन उत्तरले, "सर, आम्हाला!" वर्ग हसला, सरही हसले. मग सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली आणि आमचे हसू मावळले. कारण त्या व्याख्येत आमच्यापैकी कोणीच बसत नव्हते. ज्याला काम नाही, जो काम करण्यास तयार आहे आणि जो काम शोधतो आहे, तो बेकार. आम्ही विद्यार्थी, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेरचे. उद्या बी.ए. होऊन नोकरी मिळाली नाही आणि वेळ काढण्यासाठी एम.ए.ला नाव घातले, तरी आम्ही बेकार नाही. आणि शिक्षण संपवून घरच्या दोन एकरांत बिनपगारी राबू लागलो, तर 'घरच्या व्यवसायातील मदतनीस' म्हणून सरकारी पाहणीत आमची नोंद चक्क रोजगारात होते! आमच्या गावात असे तीन पदवीधर आहेत. सकाळी म्हशीची धार काढतात, दुपारी स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचतात, रात्री उसाला पाणी देतात. देशाच्या दृष्टीने ते तिघेही कामावर आहेत. त्यांच्या आयांना मात्र तसे वाटत नाही.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. मी काही अर्थतज्ज्ञ नव्हे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली; त्यामुळे 'शिकून पुढे काय?' हा प्रश्न माझ्या घरी केवळ निबंधाचा विषय नाही, जेवणाच्या ताटावरचा प्रश्न आहे. म्हणून मला जे दिसले आणि जे वाचून समजले, ते येथे मांडण्याचे धाडस करते आहे. प्राध्यापकांनी चूक असेल तेथे कान धरावा.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या राज्यघटनेने कामाच्या हक्काचा उल्लेख केला आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४१ मध्ये. आणि तोही 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. मूलभूत हक्क मोडला तर न्यायालयात जाता येते, मार्गदर्शक तत्त्वासाठी तसे जाता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रोजगार धोरणाविषयीचा १९६४ चा करार भारताने १९९८ साली मान्य केला. पूर्ण, उत्पादक आणि स्वेच्छेने निवडलेला रोजगार हे ध्येय ठेवून सक्रिय धोरण आखावे, असे त्या करारात म्हटले आहे. शब्द सुंदर आहेत. परंतु ज्याला काम हवे आहे, त्याने ते शब्द घेऊन कोणत्या दारात उभे राहावे, हे त्यांत सांगितलेले नाही.

ते दार एकदा उघडले गेले, आणि ते दिल्लीत नव्हे, आपल्या महाराष्ट्रात. याचा आपणा सर्वांना अभिमान वाटला पाहिजे. पण अभिमान वाटण्यासाठी आधी माहिती हवी, आणि ती आमच्या पिढीला फारशी नाही असे मला दिसून आले.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात चौदा-पंधरा वर्षांची होती. आमचे गाव माणदेशातले, म्हणजे पावसाने कायमचे रुसून बसलेल्या मुलखातले. त्या वर्षी विहिरींचे तळ दिसले, जनावरे कवडीमोलाने गेली. आजी खडी फोडायला जाई. ती सांगते, "हाताला फोड यायचं, फुटायचं, परत यायचं. पर आठवड्याला पगार हातात पडायचा. सुकडी मिळायची. मिलोची भाकरी लाल हुयाची, गिळवायची न्हाई, पर प्वाट भरायचं." आजीच्या बोलण्यात त्या दुष्काळाविषयी दुःख आहे, पण लाचारी नाही. आधी मला याचे नवल वाटे. पुढे वाचल्यावर कारण कळले. त्या दुष्काळात सरकारने लोकांना भीक घातली नाही, काम दिले. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. अन्नधान्याचे उत्पादन इतके कोसळलेले असताना माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली नाहीत, याचे श्रेय अभ्यासक बऱ्याच अंशी त्या कामांना देतात.

या कामांमागची कल्पना मात्र दुष्काळाच्या आधीची होती. तिचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि मूळचे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले, म्हणजे आमच्या शेजारचेच म्हणायचे. साठच्या दशकात त्यांनी आपल्या विसापूर गावच्या परिसरात हा प्रयोग करून पाहिला. त्यांचा विचार अगदी साधा होता: ज्याच्याजवळ दुसरे काही नाही त्याच्याजवळ दोन हात आहेत, ते हात कामाला लावण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, आणि त्या हातांतून माती अडवणारे बांध, पाझर तलाव, रस्ते उभे राहावेत. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ साली रोजगार हमी योजना सुरू झाली. जवळपास त्याच सुमारास, १९७१ साली, पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि ग्रामीण गरिबांसाठी मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढावीत, त्यांचा भार सुस्थितीतल्या वर्गाने उचलावा, असा आग्रह धरला. पागे माळावरून चालत आले, दांडेकर-रथ आकड्यांच्या वाटेने आले. पोचले एकाच ठिकाणी.

पुढे १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील जी प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असेल, तिला मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. घोषणा झाली, 'मागेल त्याला काम'. योजना आणि कायदा यांत जो फरक आहे, तो मला येथे समजला. योजना ही देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. कायद्यात मागणाऱ्याचा अधिकार असतो.

या कायद्याची दुसरी बाजू तर मला अधिकच मोलाची वाटते. पैसा कोठून आणायचा? १९७५ साली राज्यात व्यवसाय कर बसवण्यात आला. ज्यांना नोकरी आहे, व्यवसाय आहे, त्यांनी थोडा भार उचलायचा. त्या रकमेत सरकारने आपली भर घालायची. आणि तो निधी ज्यांना काम नाही त्यांच्या कामासाठी वापरायचा. आमच्या एका प्राध्यापकांनी आपली पगारपत्रिका मला दाखवली. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २५०० रुपये त्यांच्या पगारातून या करापोटी जातात. "मी इतकी वर्षे हा कर भरतो आहे, पण तो कोणासाठी सुरू झाला हे आज तू सांगितल्यावर कळले," असे सर म्हणाले. याहून मोठी सामाजिक बांधिलकी कोणती? शहरातल्या पगारदाराच्या पगारपत्रिकेतून निघालेला धागा माळावरच्या बाईच्या कुदळीपर्यंत पोचत होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

महाराष्ट्राचा हा धडा देशाने गिरवला, पण त्याला तीस वर्षे लागली. संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत लागू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. पुढे त्याला महात्मा गांधींचे नाव मिळाले. दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, पाच किलोमीटरच्या आत काम, कामावर ठेकेदाराला मज्जाव, पंधरा दिवसांत मजुरी, आणि काम न दिल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या चौथ्या हिश्श्याइतका व त्यानंतर निम्म्याइतका भत्ता, असे त्याचे स्वरूप होते. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माणसे चालत गावी आली, तेव्हा या कायद्याची किंमत सर्वांना कळली. २०२०-२१ या एका वर्षात देशातील सात कोटींहून अधिक कुटुंबांनी या कायद्याखाली काम केले. शहराने ज्यांना एका रात्रीत परके केले, त्यांना माळावरच्या कामाने जवळ केले.

येथवर सारे गोड आहे. आता कडू सांगते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या वस्तीवरच्या अकरा बायका आणि माझी आई काम मागायला गेल्या. ज्यांच्याकडे मागायचे, त्यांनी "बघू, काम निघालं की सांगतो," असे सांगून वाटेला लावले. महिना गेला. कामही नाही, भत्ताही नाही. मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते. आई म्हणाली, "तू एवढी शिकलीस, जरा अर्ज तरी लिही की." मी अर्ज लिहिला, बाराजणींचे अंगठे आणि सह्या घेतल्या आणि त्यांच्याबरोबर गेले. अर्ज देऊन म्हणाले, "भाऊसाहेब, याची तारीख घालून पोच द्या." ते म्हणाले, "पोच कशाला? अर्ज घेतलाय की."

पोच कशाला! मित्रहो, सारा कायदा त्या पोचेत होता. पंधरा दिवस मोजायचे, पण कोणत्या तारखेपासून? ज्या दिवशी मागणीची नोंद झाली त्या दिवसापासून. पोच नाही म्हणजे मागणी नाही; मागणी नाही म्हणजे पंधरा दिवस सुरूच होत नाहीत; ते सुरू होत नाहीत म्हणजे भत्त्याचा प्रश्नच नाही. वर अहवालात लिहायला मोकळे, की ज्यांनी ज्यांनी काम मागितले त्या जवळजवळ सर्वांना ते मिळाले! एका कागदाच्या चिठोऱ्यावर संसदेचा कायदा उभा असतो आणि तो चिठोरा न देऊन तो पाडताही येतो, हे मी त्या दिवशी शिकले. मी अर्जाची दुसरी प्रत पुढे केली. बायका पायरीवर बसून राहिल्या. दुपारी तीन वाजता शिक्का आणि तारीख मिळाली. तेराव्या दिवशी झाडांचे खड्डे खणण्याचे काम निघाले.

माझ्या बारा वर्षांच्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग. आईने ती पोच अजून लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवली आहे.

या योजनेवर टीका करणारे अनेक आहेत आणि त्यांची टीका सारीच खोटी नाही. सर वर्गात म्हणाले होते, की खड्डे खणणे आणि बुजवणे यांतून संपत्ती निर्माण होत नाही. अर्धवट पडलेले तलाव, पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते, हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावे, महिनोन्महिने न मिळणारी मजुरी, हे सारे वर्तमानपत्रांतून आपण वाचतो. परंतु तलाव अर्धवट राहिला हा दोष काम मागणाऱ्या बाईचा की काम आखणाऱ्याचा? मजुरी उशिरा मिळाली म्हणून मजूर कंटाळून ऊसतोडीला निघून गेला, तर 'मागणीच नाही' असे म्हणायचे का? जेथे काम नीट आखले तेथे काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार गावाने १९९० नंतर चर, बांध आणि झाडे यांची कामे गावाच्या शिस्तीने केली आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. तेथे खणलेल्या खड्ड्यांत पाणी साठले. खणणे तेच, फरक विचाराचा होता.

दुसरी टीका माझ्या घरातलीच आहे. आमचे आण्णा म्हणतात, "सरकार मजुरी देतं म्हणून कांदा लावायला बाया मिळत नाहीत." आणि आई म्हणते, "तुम्ही रोज द्या की तेवढा." दोघेही एकाच घरचे, एकाच चुलीवरचे खाणारे! आण्णांच्या दोन एकरांना सुगीत मजूर लागतात, आणि उरलेल्या आठ महिन्यांत आईला काम लागते. लहान शेतकरी हा एका हंगामात मालक आणि दुसऱ्या हंगामात मजूर असतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी शेतकरी विरुद्ध मजूर अशी भांडणे लावू नयेत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, तेव्हा हेच भांडण आमच्या घरात पुन्हा झाले. नव्या कायद्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. हे ऐकून आई खूश झाली. पेरणी आणि कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवस कामे बंद ठेवण्याची त्यात तरतूद आहे. हे ऐकून आण्णा खूश झाले. मी मात्र तिसऱ्याच कलमापाशी अडखळले. पूर्वी अंगमेहनतीच्या मजुरीचा सारा खर्च केंद्र सरकार उचलत असे. नव्या कायद्यात बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा स्वतः उचलायचा आहे, आणि कोणत्या राज्याला किती निधी हे केंद्राने आधी ठरवायचे आहे; त्यावर जाईल तो खर्च राज्याचा. म्हणजे आधी पैशाची पिशवी शिवायची आणि मग त्यात मावेल तेवढीच मागणी भरायची! मला असे वाटते, की मागणी मोठी आणि पिशवी लहान झाली, की पुन्हा तेच उत्तर मिळेल: "बघू, काम निघालं की सांगतो." दिवसांचा आकडा १०० वरून १२५ केला म्हणून हमी वाढत नाही. हमी म्हणजे मागणीच्या मागे पैशाने धावणे. पैशाच्या मागे मागणी धावू लागली, की ती साधी योजना झाली.

आता आपल्याविषयी, म्हणजे पदवीच्या रांगेत उभ्या असलेल्यांविषयी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेबरोबर २०२४ साली भारतातील रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२२ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. प्रथम वाचले तेव्हा मला वाटले छपाईची चूक असावी. जितके शिकावे तितके बेकार? पण मग समजले. न शिकलेल्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल ते करतो आणि आकड्यांतून बाहेर पडतो. शिकलेल्याच्या मागे घराने चार पैसे लावलेले असतात. तो वाट पाहतो. वाट पाहणे हीच त्याची बेकारी. आणि सरकारी पाहणीनुसार देशातील कामकऱ्यांत शेतीवर असणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाला. जगात देश पुढे जातो तसे लोक शेतीतून कारखान्याकडे जातात असे आम्हाला शिकवले जाते. आमचे लोक उलटे चालले आहेत. कारण कारखान्याचे दार उघडत नाही आणि शेतीला दारच नाही. कोणीही आत येऊन राबू शकतो. दंतवाला समितीने १९७० सालीच सांगितले होते, की आपल्यासारख्या देशात बेकारी एका आकड्यात मोजू नये. तरी आपण आजही एकच आकडा विचारतो आणि तो कमी झाला की टाळ्या वाजवतो.

अशा वेळी तरुण कोठे जातो? सरकारी जागेच्या जाहिरातीकडे. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक! एका जागेमागे दोनशेहून जास्त. परीक्षा शुल्क खुल्या वर्गासाठी १,००० आणि राखीव वर्गासाठी ९०० रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे एका अर्जासाठी मायमाउलीने तीन दिवस खड्डे खणायचे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' अशी म्हण आपल्याकडे होती. ती उलटी झाली याचा दोष तरुणांच्या आळशीपणाला देणारे वक्ते आपण स्नेहसंमेलनात ऐकतो. पण ज्याला दरमहा ठरलेल्या तारखेला पगार मिळतो, त्याने ज्याच्या कांद्याला भाव कधी मिळेल हे ठाऊक नाही त्याला नोकरीच्या हव्यासाबद्दल बोल लावू नये.

माझे म्हणणे इतकेच आहे. माझ्या आजीला आणि आईला कायद्याने एक दार दिले होते. त्या दारात खोटेपणा होता, उशीर होता, अपमान होता. पण दार होते. तेथे अर्ज देता येत होता, पोच मागता येत होती आणि त्या तारखेपासून सरकारचे दिवस भरू लागत होते. मला, पदवीधर होऊ घातलेल्या मुलीला, असे एकही दार नाही. मी कोणत्या कार्यालयात जाऊन सांगू, की मला काम हवे आहे, आजची तारीख घाला? सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवता येते, पण त्या नोंदणीने कोणावर कसलेच बंधन पडत नाही. २०२४ साली राज्यात युवकांसाठी कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन आणि सहा महिने प्रशिक्षण. पुढे मुदत वाढवण्यात आली. चांगलेच आहे. पण मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर त्या योजनेत नाही. काम शिकवले, काम करून घेतले आणि मग सांगितले, की तू प्रशिक्षणार्थी होतास.

म्हणून मला तीन गोष्टी सुचतात. त्या फार मोठ्या नाहीत.

पहिली: प्रत्येक वर्षी १ एप्रिलला सरकारने आपल्या सर्व खात्यांतील रिकाम्या जागांची यादी जाहीर करावी, परीक्षेची आणि निकालाची तारीखही त्याच दिवशी सांगावी. तारीख चुकली तर शुल्क परत करावे आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याचा भत्ता उमेदवाराला द्यावा. मजुराला काम न दिल्यास भत्ता, हे तत्त्व आपण १९७९ मध्ये स्वीकारले. मग उमेदवाराच्या वाया गेलेल्या तीन वर्षांना काहीच किंमत नाही का?

दुसरी: गावातच सुशिक्षितांच्या हातांचे काम आहे, फक्त त्याला काम म्हटले जात नाही. विहिरींच्या पाण्याची दरमहा मोजणी, लावलेल्या झाडांची नोंद, कामांची मापे, चौथीच्या मुलांचे वाचन, एकट्या पडलेल्या वृद्धांच्या औषधांची आठवण. हमीच्या कामांतले तलाव अर्धवट का राहतात? माप घेणारा आणि हिशेब ठेवणारा वेळेवर येत नाही म्हणून. ते काम गावातल्या पदवीधराला कायद्याने, मजुरीने आणि सन्मानाने द्यावे. त्याला प्रशिक्षण म्हणू नये.

तिसरी: त्यासाठी पैसा लागेल, आणि तो कोठून येईल असे प्राध्यापक विचारतील. उत्तर त्यांच्याच पगारपत्रिकेत आहे. व्यवसाय कराची २५०० रुपयांची घटनात्मक कमाल मर्यादा १९८८ साली ठरली. तेव्हापासून ती हललेली नाही. त्या काळी २५०० रुपये ही केवढी रक्कम होती आणि आज ती केवढी आहे! महिन्याला तीन लाख मिळवणाराही वर्षाला तेवढेच देतो आणि लहान कारकूनही तेवढेच देतो. मर्यादा वाढवावी आणि भार पगाराच्या प्रमाणात ठेवावा. ज्याला काम आहे त्याने ज्याला नाही त्याच्यासाठी थोडे द्यावे, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांविषयी. आपण मागत नाही. आपल्याला लाज वाटते. पदवी घेऊन कुदळ कशी धरावी याची लाज वाटते आणि बेकार आहोत हे सांगण्याचीही लाज वाटते. कोणी विचारले, की "तयारी चालू आहे," असे सांगून आपण मोकळे होतो. माझ्या आईला लाज वाटली असती, तर ती त्या पायरीवर तीन वाजेपर्यंत बसली नसती. बाराजणींपैकी सातजणींना सही करता येत नव्हती. तरी काम हा आपला हक्क आहे हे त्यांना कळत होते. आपल्याला सही करता येते, अर्ज लिहिता येतो, कायदा वाचता येतो. मग निदान एवढे तरी करू या. पुढच्या सुटीत प्रत्येकाने आपापल्या गावी जावे, ज्यांना काम हवे आहे त्यांचा अर्ज लिहून द्यावा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नये. दुसऱ्यासाठी पोच मागायला शिकलो, तर उद्या स्वतःसाठी मागण्याचे धैर्य येईल.

मी हा लेख लिहिते आहे असे कळल्यावर आजीने विचारले, "ह्यात माझं नाव घालनार का?" मी म्हणाले, "नाव नाही, पण खडी फोडल्याचं लिहिते." ती म्हणाली, "लिही. आन् हेबी लिही, की आमी मागितलं व्हतं. कुनी फुकट दिलं न्हाई."

म्हणून लिहिले.